आराम पाहुण्यांचा

"बॅगा उतरताना कालच पाहिल्या मी गच्चीवरून. म्हटलं, आज झोपू दे, उद्या येईलच भिंतीपाशी. काय गं, काळवंडलीस की!"

"ऊनच तसं काकू तिथलं. रात्री नऊपर्यंत असतं."

"रात्री नऊपर्यंत ऊन? काहीतरीच."

"शप्पथ. मे महिन्यात सूर्य मावळतो सव्वानऊच्या पुढं. आणि दोष सूर्याचा नाही, घड्याळाचा. स्पेन आहे पार पश्चिमेला, लंडनच्याही पलीकडं म्हणा ना. पण 1940 साली फ्रँकोनं देशाची घड्याळं तासभर पुढं केली, जर्मनीच्या वेळेला नेऊन बसवली. जर्मनी हरलं, पुढं फ्रँकोही गेला, घड्याळं आहेत तिथंच. वर उन्हाळ्यात युरोपभर आणखी एक तास पुढं ढकलतात. त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात दोन वाजून गेल्यावर. आपण त्यांना हसतो, अडीच वाजता काय जेवता म्हणून. ती बिचारी बाराच्याच उन्हाला जेवत असतात."

"आणि रात्रीचं?"

"साडेनऊ, दहा. नातवंडं, आज्या, सगळी जागी. दुपारी दोन ते पाच मात्र गावात कुत्रं भुंकत नाही. दुकानं बंद, खिडक्यांच्या झडपा बंद. पहिल्या दुपारी मी दही आणायला म्हणून बाहेर पडले, तर सगळा रस्ता माझ्या एकटीचा."

"पण आराम झाला ना? जाताना तेच म्हणत होतीस. कुठं फिरायचं नाही, पाहायचं नाही, नुसतं पडून राहायचं."

"झाला की. तेच तर सांगायचंय. पण आधी हे ऐका, कुणाकडे गेलो होतो ते. ह्यांचा इंजिनिअरिंगचा वर्गमित्र. जन्मभर लंडनला नोकरी केली, निवृत्त झाला आणि बायकोला म्हणाला, धुकं पुरे झालं. घर घेतलं स्पेनच्या दक्षिणेला, आल्पुहार्रा म्हणतात त्या भागात. ग्रानादा ऐकलंय ना तुम्ही, अल्हाम्ब्रा राजवाड्याचं? त्याच्या मागं सिएरा नेवादाचा डोंगर. त्यातलं मुलासेन शिखर साडेतीन हजार मीटरच्या आसपास आहे, अख्ख्या द्वीपकल्पात सगळ्यात उंच. त्या डोंगराची समुद्राकडची उतरण म्हणजे आल्पुहार्रा. वर मे महिन्यातही बर्फ, आणि खाली, पायथ्याशी, संत्री-लिंबं. हवा स्वच्छ असली तर वरून आफ्रिकेचे डोंगर दिसतात."

"म्हणजे त्यांनी महाबळेश्वरला बंगला घ्यावा तसा घेतला."

"बंगला कसला! ओर्हिवा नावाचं बाजाराचं गाव आहे, त्याच्या वर डोंगरात जुनं शेतघर. आणि काकू, घर पाहून तुम्हाला माहेर आठवलं असतं. धाब्याचं घर! अगदी साक्रीकडं असतात तशी. सपाट छप्पर, चेस्टनटच्या लाकडाच्या तुळया, वर फरशीचे दगड आणि त्यावर करड्या रंगाची चिकण माती. लाऊना म्हणतात. पाणी पडलं की फुगते, गळू देत नाही."

"पांढरी माती टाकायचे आमच्याकडे. दर पावसाळ्याआधी दादा छतावर चढायचे."

"तिथंही जुनी माणसं म्हणतात, लाऊना टाकायची तर चंद्र उतरता असताना, नाहीतर गळतं. भिंती बाहेरून चुन्यानं पांढऱ्याफेक. आणि ती पांढरी रंगसफेदी म्हणजे बायकांच्या जिवाला घोर. 2022च्या मार्चमध्ये सहारा वाळवंटातली धूळ उडून आली आणि वर पाऊस पडला. सगळी पांढरी गावं एका रात्रीत विटकरी. आमच्या यजमानिणीनं मला फोटो दाखवले. ती सांगत होती, त्या दिवशी मी पायरीवर बसून रडले."

"तिला मदतीला बाई नाही?"

"कुठली बाई! हेच तर. आपल्याला वाटतं परदेशातल्या खेड्यात राहायला गेले म्हणजे वेताच्या खुर्चीत बसून वाइन पीत असतील. मीही त्याच समजुतीत गेले होते. पहिल्या सकाळी मी उठले नऊला. तर ही बाई सहाला उठून कोंबड्यांचं करून, बाग झाडून, गॅसचा सिलिंडर पायऱ्यांवरून खाली ओढत आणत होती. तिथं नारिंगी सिलिंडर असतो, साडेबारा किलो गॅसचा. गाडी वरच्या रस्त्यापर्यंतच येते, पुढं आपण आणि आपली कंबर."

"नवरा कुठं होता?"

"झोपला होता. रागावू नका त्याच्यावर, रात्री दोनला पाण्यावरून आला होता."

"पाण्यावरून?"

"दारं धरायला गेला होता, काकू!"

"स्पेनमध्ये दारं धरतात?"

"रात्रीची! टॉर्च घेऊन, गमबूट घालून, खांद्यावर फावडं टाकून. लंडनच्या मोठ्या कंपनीत डायरेक्टर होता हा माणूस. ऐका आता, सविस्तर सांगते. त्या डोंगराला पाऊस फार नाही, पण बर्फ आहे. ते वितळतं त्याचं पाणी अडवून, डोंगराच्या कडेकडेनं पाट काढून, पार खालच्या शेतापर्यंत आणलंय. अरबांचं, बर्बरांचं राज्य होतं ना तिथं, त्या काळातले पाट. आसेकिया म्हणतात. आणि सगळ्यात हुशारी वरच्या पाटांची. वसंतात बर्फाचं पाणी बदाबदा येतं, तेव्हा शेताला एवढं नकोच असतं. मग ते लोक काय करतात, डोंगराच्या वरच्या अंगाला पाटाचं पाणी मुद्दाम ठरलेल्या जागी सोडून देतात, जमिनीत मुरायला. ते आतल्या आत हळूहळू उतरतं आणि खालच्या झऱ्यांना उन्हाळ्यात बाहेर येतं. एप्रिल-मेमध्ये मुरवलेलं पाणी जुलै-ऑगस्टला हातात. धरण नाही, सिमेंट नाही, पंप नाही."

"पाणी अडवा, पाणी जिरवा."

"तेच! आणि ते शेकडो वर्षांपासून. आमचे हे जन्मभर पाटबंधारे खात्यात. सुट्टीवर आराम करायचं ठरलं होतं, पण पाट दिसला आणि संपलं. दोघे मित्र सकाळी नाश्ता झाला की पाटाच्या काठानं निघायचे ते जेवायलाच परत. हे मला रात्री सांगायचे, उतार किती बारीक राखलाय बघ, लेव्हलचं यंत्र नसताना. मी म्हटलं, झोपा."

"आणि पाळी कोण ठरवतं? भांडणं होत असतील."

"होतात ना. प्रत्येक जमिनीला तासांचा हक्क लागलेला. जमीन विकली की तासही तिच्याबरोबर जातात. शेतकऱ्यांची एक संस्था, त्यांचा एक पाटकरी. तो सांगेल तेव्हा दार उघडायचं, तो सांगेल तेव्हा बंद. यंदा आमच्या मित्राची पाळी होती रात्री अकरा ते दोन. उठला नाही तर पाणी पुढच्याकडे गेलं. पुन्हा मिळेल तेव्हा भाजी करपलेली. आणि वर्षातून एकदा पाटाची सफाई, तिथं प्रत्येक घरातून माणूस गेलाच पाहिजे, नाहीतर पैसे भरा."

"आमच्या पांझरेवर फड होते. चार फड, एकेका फडात एकच पीक. ह्या वर्षी इथं ऊस, पुढच्या वर्षी दुसरीकडे. माझ्या आजोबांच्या मनात असलं तरी एकट्याला वेगळं काही लावता यायचं नाही. पाटकरी मोठा माणूस. त्याला दिवाळीला आमच्याकडून फराळ जायचा."

"हे नेमकं तेच सांगत होते मित्राला! फडपद्धतीची आकृतीच काढून दाखवली पेपर नॅपकिनवर. आणि तो मित्र म्हणाला, व्हॅलेन्सिया शहरात तर पाण्याचं कोर्ट भरतं. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता, कॅथेड्रलच्या दारात. आठ पाटांचे आठ पंच, काळे झगे घालून गोलात बसतात. सगळं तोंडी. कागद नाही, वकील नाही, अपील नाही. युनेस्कोनं 2009मध्ये त्याला वारसा म्हणून मान्यता दिलीय."

"वकील नाही? इकडे पाठव म्हणावं. आमच्या भावकीचा दावा तेविसाव्या वर्षात आहे."

"पण काकू, तिथंही सगळं आलबेल नाही हं. तरुण पोरं शहरात गेली, पाट बुजले. कान्यार नावाचं गाव आहे तिथल्याच डोंगरात, तिथला एक पाट कित्येक वर्षं कोरडा पडला होता. ग्रानादा विद्यापीठातल्या पुरातत्त्वाच्या लोकांनी 2014 साली स्वयंसेवक गोळा करून तो उकरून वाहता केला. तेव्हापासून ते असे पाट मोकळे करत सुटलेत. आमचा मित्रही जातो फावडं घेऊन. म्हणतो, लंडनमध्ये जिमला पैसे भरत होतो."

"ती अरबी माणसं कुठं गेली गं, पाट खणणारी?"

"हाकलली. 1492मध्ये ग्रानादा पडलं, शेवटचा सुलतान बोअब्दिल, त्याला हाच डोंगराळ मुलूख तोडून दिला होता. तो पुढच्या वर्षी मोरोक्कोला निघून गेला. रयत राहिली. त्यांना ख्रिस्ती केलं, मग त्यांची भाषा बंद, पेहराव बंद, हमामसुद्धा बंद. 1568च्या नाताळात उठाव झाला, दोन-अडीच वर्षं लढाई चालली, आणि मग सगळ्यांना उचलून देशात इतरत्र पांगवलं. उत्तरेकडच्या गालिसिया, लेओनकडची कुटुंबं आणून बसवली त्यांच्या घरात. तिथं अजून सांगतात की दर गावात दोन मोरिस्को कुटुंबं मुद्दाम ठेवून घेतली होती, नव्या लोकांना पाट शिकवायला."

"म्हणजे माणसं नकोत, पाणी हवं."

"मला तर तिथल्या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट लागली. अल्हाम्ब्रा पाहायला लोक जगभरातून येतात, आम्हीही गेलो, सुंदर आहे, पाहावंच. पण त्या राज्यकर्त्यांचं खरं काम मला विचाराल तर ह्या गवतात लपलेल्या चिंचोळ्या पाटात आहे. त्याला तिकीट नाही म्हणून कुणी बघत नाही इतकंच."

"बरं, जेवणाचे हाल झाले असतील तुझे. तू तर अंडंही खात नाहीस."

"घरी काही नाही. बाहेर मात्र विचारू नका. तिथल्या लोकांच्या मते हॅम हे मांसात धरत नाहीत. भाजी मागवली की वर बारीक तुकडे पेरलेले. मी सांगायचे, मांस नको. हो हो म्हणायचे, आणि तुकडे हजर. परत केलं की वेटर दुखावल्यासारखा बघायचा, म्हणजे हे मांस कुठंय, हे हॅम आहे! त्रेवेलेस म्हणून एक गाव आहे वर, दीड हजार मीटरच्या जवळपास. तिथं डुकराच्या तंगड्या मिठात घालून महिनोन् महिने थंड वाऱ्यावर टांगून वाळवतात. एका खोलीत शेकडो. हे आत गेले, मी रस्त्यावर उभी राहिले."

"शिव शिव."

"पण वांग्याचं सांगते. वांग्याचे काप पिठात घोळवून तळतात, आणि त्यावर चक्क काकवी! खोटं नाही. खाली समुद्राकाठी मोत्रिलच्या बाजूला ऊस होता, अरबांनी आणलेला. शेकडो वर्षं पिकवला. शेवटचा साखर कारखाना 2006मध्ये बंद पडला. काकवी मात्र अजून करतात. वांगं आणि काकवी, मला वाटलं होतं कसं लागेल, पण मी दोन प्लेटी खाल्ल्या. आणि बटाट्याच्या जाड चकत्या, ढोबळी मिरची, लसूण, भरपूर ऑलिव्ह तेलात मंद आचेवर. गरिबाचे बटाटे असं नाव. आपण करतो त्या काचऱ्यांची मोठी बहीण."

"संकष्टी आली होती मध्ये. केलीस?"

"केली तर! साबुदाणा नेला होता बरोबर. पण चंद्र काकू, चंद्र! नऊनंतर सूर्य मावळणार, मग चंद्र उगवणार कधी? मध्यरात्र उलटून गेली. त्यात समोर डोंगर, त्याच्यावरून वर यायला आणखी वेळ. हे केव्हाच जेवून झोपलेले. मी पायरीवर शाल घेऊन बसले. शेवटी चंद्र आला, नमस्कार केला, खिचडी घेतली, तेवढ्यात खालून टॉर्चचा उजेड हलत हलत वर आला. ह्यांचा मित्र, गुडघ्यापर्यंत चिखल. मला बघून घाबरलाच. मग म्हणाला, आहे का थोडी माझ्यासाठी? आणि दोघांनी रात्री दोनला खिचडी खाल्ली. बत्तीस वर्षांत अशी खिचडी खाल्ली नव्हती म्हणाला. त्याची बायको गुजराती, ती करते, पण गोड."

"बिचारा."

"तेव्हा मी त्याला विचारलं, हा त्रास कशाला? ह्या वयात? तर म्हणाला, लंडनमध्ये मला कुणी रात्री उठवलं नाही, म्हणून मला झोप लागायची नाही. इथं पाटकरी उठवतो. आता ह्याला काय बोलणार! पण त्याच्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं तर तिचं म्हणणं वेगळं. ती म्हणाली, सगळी हौस त्याची, पाठदुखी माझी."

"आता आलं खरं!"

"तिथल्या बाईचं सुख म्हणजे शेजारीण. काकू, तिथंही भिंत आहे आणि भिंतीपलीकडं तुम्ही आहात. ऐंशीच्या पुढची म्हातारी, काळा ड्रेस, घरातल्या चपला. रोज अकराला पाववाला व्हॅन घेऊन हॉर्न वाजवत येतो, तेव्हा सगळ्या बाया रस्त्यावर. पाव घ्यायला पाच मिनिटं, गप्पा तासभर. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण कुणाच्या सुनेबद्दल चाललंय ते मात्र कळायचं. त्या आजीनं पहिल्याच दिवशी आमच्यासाठी पिशवीभर शेंगा आणल्या, घेवड्यापेक्षा जाड, सोलून कच्च्या खायच्या. मी पिशवीत चिवडा घालून परत केली. दुसऱ्या दिवशी लिंबं आली. मी लाडू. शेवटी माझे डबे संपले, त्यांची लिंबं संपेनात."

"मग बाहेरची माणसं खपवून घेतात म्हणायचं."

"सवयच आहे त्यांना. शंभर वर्षांपासून इंग्रज येतायत. 1920मध्ये जेराल्ड ब्रेनन नावाचा तरुण इंग्रज त्याच भागातल्या येहेन गावात येऊन राहिला, बरोबर दोन हजार पुस्तकं घेऊन. पुढं त्यानं त्या मुलखावर पुस्तक लिहिलं. त्याच्याकडे पाहुणे यायचे. लेखक लिटन स्ट्रेची आला, त्याची तर वाटच लागली. खेचरावरून प्रवास, त्यात त्याला बसायचा त्रास, वर ऑलिव्ह तेलातलं जेवण पोटाला सोसेना. परत जाऊन त्यानं तिकडे जाण्यात राम नाही असंच सांगितलं. तरी 1923मध्ये व्हर्जिनिया वूल्फ नवऱ्याबरोबर गेलीच, आणि ती मात्र खूश होऊन आली. ती कुठं खेचराला घाबरते! अलीकडे जेनेसिस बँडचा पहिल्या दिवसांतला ड्रमर, ख्रिस स्ट्युअर्ट, तोही ओर्हिवाजवळ शेती घेऊन बसला, त्याचं 1999चं पुस्तक खूप खपलं. तेव्हापासून लंडनकरांची रीघ. जमिनीचे भाव वाढले, आता गावच्या पोरांना घर घेता येत नाही अशी कुरकुर ऐकली मी. त्या आजीचा नातू ग्रानादात भाड्यानं राहतो."

"हे मात्र आपल्या कोकणासारखंच."

"पाहुणे म्हणून गेलं की सगळं छान वाटतं काकू, हेच मला समजलं. मी दुपारभर अंजिराच्या झाडाखाली खाटेवर पडून होते. पाटाचं पाणी शेजारून वाहतंय, पाखरं, वर बर्फाचा डोंगर. पुस्तक उघडं, मी झोपलेली. असा आराम मला लग्नानंतर मिळाला नव्हता. पण त्या पाण्यासाठी कुणीतरी रात्री उठलं होतं, त्या सावलीखालचा पाला कुणीतरी झाडला होता. मी परत यायच्या आधी दोन दिवस सक्तीनं भांडी माझ्याकडे घेतली. ती नको नको म्हणाली, पण फार नाही म्हणाली."

"शहाणी आहे."

"ऑलिव्हचंही तेच. आपण बाटली घेतो दुकानातून, महाग म्हणून नाक मुरडतो. त्याच्याकडे जुनी झाडं आहेत, खोडं एवढी की दोघांच्या मिठीत मावायची नाहीत. झाडावरचं फळ तोडून मी तोंडात टाकलं—"

"कडू?"

"कडूजहर. जिभेवरून दिवसभर गेलं नाही. खायची ऑलिव्हं ठेचून पाण्यात टाकायची, रोज पाणी बदलायचं, मग मिठात. आणि तेलासाठी नोव्हेंबर ते जानेवारी झाडाखाली जाळ्या पसरून काठ्यांनी झोडायची, गोणीत भरून घाण्यावर न्यायची. साधारण पाच किलोला एक लिटर तेल मिळतं. गोण्या पायवाटेनं वर न्यायच्या पुन्हा. ते तेल जेवताना त्यानं पावावर ओतलं तेव्हा मी थेंब सांडू दिला नाही."

"फड्या निवडुंग दिसला का गं तिकडे? तुझ्या मागच्या फोटोत होता काहीसा."

"दिसला, पण मेलेला. मेक्सिकोकडून स्पॅनिश लोकांनी आणला, गावागावांच्या कुंपणाला होता, फळं खायचे. आता एक पांढरी कीड पडलीय, कापूस चिकटवल्यासारखी दिसते. नखानं दाबली की लाल रंग निघतो. डोंगरच्या डोंगर वाळून गेलेत. म्हातारी आजी हातवारे करून दाखवत होती, इथून तिथपर्यंत होता म्हणून."

"आपल्याकडेही तीच कीड सोडून फड्या निवडुंग मारला होता म्हणायचे, इंग्रजांच्या काळात. बरं, मुद्द्याचं सांग. माझी भाची विचारतेय, जावं का?"

"जावं की. पण मे नाहीतर ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या अंगाला भाजून निघतं. विमानानं मालागाला उतरायचं, तिथून गाडीनं दोनेक तास. शेंगेनचा व्हिसा वेळेवर काढायला सांगा, ऐन वेळी तारीख मिळत नाही. पांपानेइरा, बुबियोन, कापिलेइरा ही तीन गावं एकाच दरीत एकावर एक आहेत, ती पायी पाहायला सांगा, बसनं वळणं सोसत नाहीत. रात्री थंडी पडते, शाल हवी. शाकाहारी असेल तर चिवडा हवाच. आणि कुणाच्या घरी उतरणार असेल तर पहिल्या दिवसापासून भांडी हातात घ्यायला सांगा, माझ्यासारखी शेवटी नको."

"आणि तुम्ही? परत जाणार?"

"बोलावलंय ना त्यांनी, डिसेंबरात या म्हणाले. ऑलिव्ह झोडायला माणसं कमी पडतात. हे लगेच हो म्हणाले, तिकिटं बघतायत आत बसून. मी नाही जाणार."